न चाखलेलं वावडिंग

तीस वर्षं मी दुसऱ्याच्या पोटात जाणारी वस्तू आधी माझ्या तोंडात घालून पाहिली. हिरडा, पिंपळी, मुरडशेंग, वेखंड, काय काय. त्यापायी जिभेची अशी वाट लागली की आमटीत मीठ कमी आहे की जास्त, ते आमच्या ह्यांना विचारावं लागतं. सावर्ड्याच्या बाजारात आमचं काष्ठौषधींचं दुकान. सासऱ्यांनी काढलेलं. ह्यांनी शाळेत मास्तरकी धरली, "मला त्या मुळ्यांचा वास सहन होत नाही" म्हणाले, आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. पडलं ते पडलं, मग मीही ते कुणाला सोडून दिलं नाही.

ज्यांनी असं दुकान पाहिलेलं नाही त्यांना सांगते. औषधाच्या दुकानात गोळी पाकिटात येते, पाकिटावर नाव असतं, तारीख असते, काही झालं तर बोट दाखवायला कंपनी असते. आमच्याकडे पोतं येतं. पोत्यात कुणीतरी रानातून तोडलेलं, अंगणात वाळवलेलं काहीतरी असतं, आणि ते तेच आहे की नाही हे सांगणारी मी एकटी. गिऱ्हाईक पुडी उघडून बघतं, नाकाला लावतं आणि "बरोबर आहे ना हो?" असं मलाच विचारतं. मी "हो" म्हणते. एवढाच आमचा धंदा. बाकी सगळी वजनं आणि पुड्या.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांचा नियम एकच होता. नवा माल आला की दाणा तोंडात टाकायचा, चावायचा, थुंकायचा, मगच डब्यात ओतायचा. "डोळा फसतो, नाक सर्दीने बसतं, जीभ फसत नाही," म्हणायचे. मी त्यावर देवासारखा विश्वास ठेवला.

आता वावडिंगाबद्दल. मराठी घरात वावडिंग कुणाला माहीत नाही? बाळाच्या पाण्यात चार दाणे, पोट फुगलं की चार दाणे, जंत झाले की चूर्ण. पण ते झाडावर कसं दिसतं हे विचारलं की बहुतेक जण गप्प बसतात. ते एक मोठं झुडूप, वेलीसारखं शेजारच्या झाडावर चढतं. पोफळी गावाच्या वर, घाटाच्या अंगाला रानात मिळतं. मिरीएवढी फळं, घोसांनी. वाळली की तांबूस तपकिरी होतात, अंगावर बारीक उभ्या रेषा, बुडाला इवलीशी शेपटी. दाणा फोडला तर आत एकच बी आणि तिच्यावर पांढरे ठिपके. चव तुरट आणि मागून जराशी तिखट. हे एवढं ओळखता आलं की वावडिंग आलं, असं मी समजत होते.

ह्या एवढ्याशा दाण्यापायी गिऱ्हाइकंही काय काय भेटली. एकाच्या डोक्यावर चाई पडली होती, रुपयाएवढा गोल टकलाचा डाग. त्याला वैद्यांनी वावडिंग उगाळून लावायला सांगितलं. पठ्ठ्याने ते आठ दिवस खाल्लं. वर मलाच येऊन विचारतो, "काकी, केस आतून यायला किती दिवस लागतात?" जुलाबांनी अर्धा झाला होता, तरी डाग चाचपत होता.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. जवळच्याच गावातली एक सून दर महिन्याला वावडिंगाचं चूर्ण न्यायची. कधीतरी जंतांसाठी कुणी सांगितलेलं, बरं वाटलं म्हणून तिने चालूच ठेवलेलं. मीही विचार न करता देत राहिले. वर्षाने एकदा दुकानात कुणी नाही असं बघून तिने हळूच विचारलं, "काकी, मूल राहायला काही असतं का हो तुमच्याकडे?"  आमच्या जुन्या पोथ्यांत मूल राहू नये म्हणून जी औषधं दिली आहेत त्यांत वावडिंग आहे, आणि हे मला माहीत होतं. मामंजींनी पहिल्याच वर्षी सांगितलेलं. मी तिला त्याच क्षणी चूर्ण बंद करायला लावलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. पुढे तिला मुलगी झाली. वावडिंग सोडल्यामुळे झाली की डॉक्टरांच्या उपचाराने, मला ठाऊक नाही. पण तेव्हापासून कुठलीही बाई वावडिंग मागायला आली की मी आधी विचारायची, "दिवस गेलेत का? मूल हवंय का?" काही जणी रागवायच्या. रागवू देत.

इतकं सगळं विचारणारी मी, बाळासाठी वावडिंग मागितलं की मात्र काही विचारत नव्हते. बाळाला वावडिंग द्यायचंच असतं, त्यात विचारायचं काय? आता मी सहा महिन्यांच्या आतल्या मुलासाठी ते देत नाही. म्हाताऱ्या बायका भांडतात, "तुमचं दुकान आहे की कोर्ट?" असंही एकीने ऐकवलं. ते का देत नाही, तेवढंच सांगायला हे लिहायला बसले आहे.

ती हरतालिका होती. आमच्याकडे हरतालिकेचा उपास कडक. निर्जळी. पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, थुंकी गिळतानासुद्धा माझी सासू आमच्याकडे बघायची. दुसऱ्या दिवशी गणपती. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, मुंबईची माणसं आलेली, सगळ्यांना सगळं आजच हवं. बाहेर पाऊस लागलेला, दुकानात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागत होता.

दुपारी तीनच्या सुमाराला सोनूबाय आली. सोनूबाय पोफळीच्या वरच्या एका वाडीतली. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा ती मामंजींना माल देत होती, म्हणजे हिशोब करा तिचं वय काय असेल. वावडिंग उन्हाळ्यात तोडायची, वाळवायची, मडक्यात भरून ठेवायची आणि गणपतीच्या बाजाराला खाली उतरताना आणायची. तिच्या मालात काडी सापडायची नाही. सुपात घेऊन एकेक दाणा निवडलेला असायचा.

ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली, अगदी हातभर अंतरावर, आणि म्हणाली, "वैनी, हायस का गो आत?"

"अगो, ही काय तुझ्यासमोर उभी आहे! डोळ्यांना काय झालं तुझ्या?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? काळोख केवढा हाय तुझ्या दुकानात," असं म्हणून तिने पिशवी पुढे केली. "घे, तुझं वावडिंग."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला कळलंच होतं. तिने पिशवी माझ्या हातात न देता गल्ल्याच्या कोपऱ्यावर ठेवली, आणि कोपरा आधी हाताने चाचपला. पण मागे सहा माणसं उभी, माझं डोकं उपासाने दुखतंय, आणि सोनूबायला "तुला दिसत नाही का" असं दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तिच्या तोंडावर मारण्यासारखं. मी पिशवीत हात घातला, दाणा उचलला, सवयीने तोंडाशी नेला आणि थांबले. निर्जळी उपास. दाणा परत पिशवीत टाकला. सोनूबायचाच तर माल, उद्या चाखू, असं मनात म्हटलं.

सोनूबाय गेली आणि अर्ध्या तासाने एक बाई आल्या. साठीच्या, चेहरा ओळखीचा पण नाव माहीत नाही. "नातू आलाय मुंबैहून, दीड महिन्याचा. पोट कडक होतंय, रडून घर डोक्यावर घेतो. वावडिंग द्या," म्हणाल्या. जुना डबा रिकामा होता. मी सोनूबायच्या पिशवीतून मूठभर घेतलं आणि पुडी बांधली.

त्यांनी पुडी दाबून बघितली. "ताजं आहे का हो?"

"वावडिंग ताजं नाही घ्यायचं, ताई. जितकं जुनं तितकं गुणाचं. हे मडक्यात मुरलेलं आहे," मी म्हटलं. आमच्या शास्त्रात खरंच तसं आहे, बाकी औषधं नवी घ्यायची, पण वावडिंग, पिंपळी, गूळ, मध ही जुनी. त्यांना ते फार पटलं. "बघा, हे आमच्या सुनेला कोण सांगणार?" म्हणाल्या, आणि रिक्षात बसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले, आरती झाली, जेवणं झाली. दुकान बंद होतं. आमचं घर दुकानाच्या मागेच. ती पिशवी तशीच गल्ल्यावर राहिलीय, पावसाची ओल धरेल, म्हणून मी ती डब्यात ओतायला दुकानात गेले. ओतण्याआधी दाणा तोंडात टाकला. चावला. तुरट, मागून तिखट. ठीक आहे. डब्याचं झाकण काढलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, आणखी एक दाणा टाकला.

तो दाणा वावडिंगाचा नव्हता.

मी तो थुंकला. बाजारपेठेच्या बाजूची फळी काढून उजेड केला, वर्तमानपत्र पसरलं आणि मूठभर माल त्यावर ओतला. वरवर सगळं एकच. तपकिरी-काळे दाणे. मग बोटाने सारत गेले. ह्याला शेपटी आहे, ह्याला रेषा आहेत, हे वावडिंग. ह्याला शेपटी नाही, अंग सुरकुतलेलं, चिमटलेलं, हे नाही. हेही नाही. हेही. एका दाण्याला वाळक्या पानाचा खरखरीत तुकडा चिकटलेला होता. तो मी तळहातावर चोळून वास घेतला. घाणेरी! रस्त्याच्या कडेला, कुंपणाला, माळावर, जिथे तिथे माजलेली ती रंगीत फुलांची घाणेरी.

वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, घाणेरीची काळी फळं आम्ही लहानपणी खाल्लीत. मीही खाल्लीत. पिकलेली काळी फळं खाऊन पोरं हुंदडताना मी पाहिली आहेत. पण कच्ची हिरवी फळं पोटात गेली तर मूल आजारी पडतं, हे आम्हाला मामंजींनी बजावलेलं. आणि गुरांनी पाला खाल्ला तर त्यांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटून निघते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. वाळल्यावर पिकलेलं कुठलं आणि कच्चं कुठलं, काही कळत नाही. आणि जे मोठ्या पोराला झेपेल ते दीड महिन्याच्या जिवाला झेपेल का? ते पाण्यात उकळून, अर्क काढून, चमच्याने पाजलं तर? मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की काल दुपारपासून आज दुपारपर्यंत दोनदा तरी ते पाणी त्याला पाजलं असणार.

हे घडलं कसं ते मला चार दिवसांनी कळलं, पण इथेच सांगून टाकते, म्हणजे सोनूबायबद्दल कुणी वाईट बोलायला नको. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. घरात कुणाला तिने सांगितलं नव्हतं. त्या वर्षी तोडायला ती स्वतः गेलीच नाही, सुनेला पाठवलं. सून वाढली मुंबईत, तिला वावडिंगाच्या झुडपात घुसलेली घाणेरी वेगळी कशी कळणार? आणि निवडायला बसलेल्या सोनूबायला सुपातलं काही दिसत नव्हतं. मी तिच्या घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "वैनी, माझा माल बंद करू नको गो. हे कामच हातचं गेलं तर मी घरात कशाला उरले?" पुढे तिच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. अजून येते. आता मी तिच्यासमोर बसून सगळा माल सुपात घेऊन निवडते, आणि ती माझ्या चुका काढते.

पण त्या दिवशी मला हे काही माहीत नव्हतं. मी गावातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांच्याकडे घंटा वाजत होती, आरती चालू होती. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकी, किती गेलंय, कच्चं की पिकलेलं, हे मला फोनवर काय कळणार? दिलं असेल तर बाळाला लगेच घेऊन या. ती पुडीपण आणा. झोपलेलं असेल तर उठवून बघा, दूध ओढतंय का ते बघा. जा लवकर."

जा म्हणजे कुठे? मला त्या बाईंचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. हे म्हणाले, "अगं, गणपती बसलाय घरात, लोक दर्शनाला येतायत, उद्या सकाळी बघू." मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते समजले. "छत्री घे," म्हणाले.

त्या रिक्षाने गेल्या होत्या आणि रिक्षा बाळूची होती, एवढं मला आठवत होतं. बाळूच्या घरी गेले तर तो सोवळं नेसून नैवेद्य दाखवत होता. मी दारातूनच ओरडले, "बाळू, काल माझ्या दुकानासमोरून एक म्हातारी बाई घेतलीस, ती कुठे सोडलीस?" त्याने डोळे मिटून पाण्याचं मंडल पूर्ण केलं, मग म्हणाला, "डोंगराखालच्या वाडीत, शेवटचं घर. का हो काकी?" मी का ते सांगितलं. त्याने सोवळ्यावरच शर्ट चढवला.

ती वाट मी कधी विसरणार नाही. हायवे सोडला की कच्चा रस्ता, तांबडं पाणी दोन्ही बाजूंनी धो धो, बाळू खड्डे चुकवतोय आणि मी माझ्या मनात काय काय बोलतेय. गणपतीबाप्पा, त्याने ते ओकून टाकलं असू दे. त्या बाई पुडी विसरल्या असू देत. पुडी पावसात भिजून फेकली असू दे. मग मला वाटायचं, पोचेन तेव्हा घरासमोर माणसं गोळा झालेली असतील. रस्त्यात दोन बायका तोंडाला पदर लावून येताना दिसल्या, त्या रडत तिथूनच परत येतायत असंच वाटलं. त्या हसत होत्या. जवळ आल्यावर कळलं. आणि मधूनच एक फार घाणेरडा विचार येत होता, तोही लिहायला हवा. तिथे सगळं ठीक असलं, तर खरं सांगायचं कशाला? पुडी घ्यायची आणि यायचं.

शेवटचं घर. जांभ्या दगडाचं, पुढे मांडव, ओटीवर गणपती, घरभर माणसं. कालच्या बाई पुढे आल्या. त्यांचं नाव रुक्मिणीताई हे तेव्हा कळलं.

"अगो बाई, वैनी तुम्ही! गणपतीला आलात? या, या."

"बाळ कुठे आहे?" मी म्हटलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तो काय पाळण्यात. काय सांगू तुम्हाला, तुमच्या वावडिंगाचा गुण! काल संध्याकाळी दिलं, सकाळी दिलं, तेव्हापासून जो झोपलाय तो झोपलाय. हूं नाही की चूं नाही."

 मी माणसांना बाजूला सारत माजघरात गेले. पाळण्यात ते पोर उताणं, मुठी उघड्या पडलेल्या. मी बोट त्याच्या तळहातावर ठेवलं. काही नाही. तळपाय चोळला. काही नाही. गालाला हात लावला. "उठवताय काय त्याला? आत्ता कुठे शांत झालाय," रुक्मिणीताई मागून म्हणत होत्या. मी त्याला उचललं, तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं, आणि असा काही टाहो फोडला की ओटीवरची माणसं आत डोकावली. त्याची आई धावत आली, प्राजक्ता तिचं नाव. तिने त्याला छातीशी घेतलं आणि तो चुटुचुटु दूध ओढायला लागला. मी तिथेच जमिनीवर बसले.

प्राजक्ता हुशार पोरगी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सासूबाई ओटीवर गेल्याबरोबर खाली वाकून विचारलं, "काकी, त्या पुडीत काही होतं का?"

"होतं," मी म्हटलं. "किती दिलंय त्याला?"

ती आणखी खाली वाकली. "एक थेंबही नाही. आई वाटीत गाळून देतात, मी आत आणते आणि मागच्या दाराने हळदीच्या वाफ्यात ओतते. हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी निक्षून सांगितलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला मी ह्यावरच वाढवलाय. मग मी बोलायचंच सोडलं. परवा रात्रभर प्रवासात जागा होता, काल दिवसभर रडत होता, म्हणून झोपला होता एवढा. काकी, आईंना सांगू नका हां. सणाच्या दिवशी घरात नको."

मी त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडले. इतकी रडले की तिलाच मला पाणी द्यावं लागलं. बाळ वाचलं होतं, आणि ते माझ्यावर विश्वास न ठेवल्यामुळे वाचलं होतं.

मग जो घाणेरडा विचार वाटेत आला होता तोच मी केला. मला माझ्या दुकानाची भीती वाटली. तोंड धुतलं, ओटीवर आले आणि रुक्मिणीताईंना म्हटलं, "ताई, कालची पुडी जरा परत द्या. जुना माल निघाला, बदलून देते."

त्या हसायलाच लागल्या. "काय हो वैनी, कालच तर म्हणालात, वावडिंग जितकं जुनं तितकं गुणाचं! राहू दे. इतकं लागू पडलंय, मी कशाला देते परत? उलट पुतणीच्या पोरीला अर्धी देणार आहे, पुतणी पण ओली बाळंतीण आहे."

इतकी वर्षं हेच दुकानात घोकून सांगत आले होते, आणि खोटं बोलताना मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

मग मात्र मी सांगितलं. सगळ्यांसमोर. माल न चाखता दिला, त्यात घाणेरीची फळं होती, चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. ओटीवर कुणीतरी टाळ वाजवत होतं ते थांबलं. रुक्मिणीताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "मी दिलं," म्हणाल्या. "मी माझ्या हातांनी उकळलं. दोनदा." आणि त्यांनी ते हात पदरात गुंडाळले. "डॉक्टरकडे न्या त्याला. कुणीतरी न्या रे!"

तेव्हा प्राजक्ता दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा तिच्याकडे बघत होता, दीर बघत होते, सगळं घर बघत होतं. तरी ती बोलली. "आई, मी त्याला नाही दिलं. ओतून टाकलं."

"काल?"

"काल पण आणि आज पण. मुंबईला तुम्ही आला होतात तेव्हाही. एकदाही नाही दिलं."

मला वाटलं, आता भडका उडणार.  रुक्मिणीताई उठल्या, आत गेल्या, पुडी आणली आणि माझ्या हातात दिली. मग माझ्या शेजारी बसल्या. इतक्या हळू बोलल्या की ते फक्त मला आणि दारातल्या प्राजक्ताला ऐकू आलं असेल.

"माझा पहिला मुलगा दोन महिन्यांचा गेला, वैनी. प्राजक्ताचा नवरा दुसरा. पहिल्याला पाजायला सासूबाई रोज वावडिंगाचं पाणी द्यायच्या. एकदा मला वाटलं होतं, आज नको देऊया, हा सुस्त दिसतोय. पण ओतून टाकायचं मला धैर्य झालं नाही. संध्याकाळी झोपला तो उठलाच नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ते वावडिंग पण तुमच्याच दुकानातलं होतं. तुमच्या सासऱ्यांनी दिलेलं. त्यात काय होतं, सांगता येईल का हो?"

ते मूल कशानेही गेलं असेल. ताप, सर्दी, जन्मापासूनचं काही दुखणं. लहान मुलं तेव्हा जायची. आमचे मामंजी चाखल्याशिवाय माल देत नसत, हेही मला सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण आदल्याच तासाला मी चाखलेला पहिला दाणा चांगला निघाला होता, घाणेरीचा निघाला तो दुसरा.

"नाही," मी म्हटलं. "नाही सांगता येणार, ताई."

त्यांनी मान हलवली. मग सुनेला म्हणाल्या, "उभी का राहिलीस? आत जा, त्याला दूध पाज."